शहराचा आकडा बघून घराच्या लीजवर सही करू नका

अमेरिकेतल्या नोकरीच्या ऑफर लेटरवर शहराचं नाव दिसलं की आपली मंडळी आधी लोकसंख्या शोधतात आणि तिथेच गंडतात. 2020च्या जनगणनेत जॅक्सनव्हिल साडेनऊ लाखांचं, अटलांटा जेमतेम पाच लाखांचं. पण 1968 साली जॅक्सनव्हिलने जवळजवळ अख्खी ड्युव्हल काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) पोटात घेतली. जमीन सुमारे 1,900 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या तिपटीहून जास्त, आणि त्यात जंगल, दलदल सगळं आलं. अटलांटाची हद्द आखूड, पण आजूबाजूचा पसारा साठ लाखांचा. सेंट लुईस तर 1876 मध्येच काउंटीपासून वेगळं झालं आणि त्याची हद्द तिथेच थांबली. शहरात तीन लाख माणसं, मेट्रो एरियात, म्हणजे शहर आणि आजूबाजूची उपनगरं मिळून, अठ्ठावीस लाख. कोलंबसमध्ये उलटं: शहर नऊ लाखांचं, मेट्रो एरिया एकवीस लाखांचाच.

तेव्हा सेन्ससचा मेट्रो एरियाचा आकडा बघा. रॅली आणि डरहॅम या शेजारच्या शहरांचे मेट्रो एरिया वेगळे मोजतात, पण रिसर्च ट्रँगल पार्क हा कंपन्यांचा मोठा परिसर दोघांच्या मधे असल्यामुळे तिथे नोकरी असेल तर दोन्ही धरा.

आता महत्त्वाचं. ऑफिस नक्की कुठल्या इमारतीत आहे हे मॅनेजरला विचारल्याशिवाय बारा महिन्यांचं लीज करू नका. ऑफर लेटरवर 'इंडियानापोलिस' असतं आणि ऑफिस निघतं कार्मेलला, म्हणजे शेजारच्या काउंटीत. लीज मोडायचं तर बऱ्याच ठिकाणी दोन महिन्यांचं भाडं आणि वर साठ दिवसांची नोटीस. पहिला महिना एक्स्टेंडेड स्टे हॉटेलात (जास्त दिवस राहायची सोय असलेल्या हॉटेलात) काढा. महाग वाटेल, तरी स्वस्तच पडतं.

घर ठरवण्याआधी गुगल मॅप्सवर मंगळवारी सकाळी साडेआठला ऑफिसात पोचायची वेळ टाका. तो '20 ते 45 मिनिटं' असं दाखवतो, त्यातलं 45 खरं माना. मग संध्याकाळचा उलटा रस्ताही बघा. पिट्सबर्गमध्ये हे दोनदा करा. नकाशावर सगळं हाताशी दिसतं, पण मधे नद्या, टेकड्या आणि बोगदे. फोर्ट पिट किंवा स्क्विरल हिल बोगद्याच्या तोंडाशी सगळे उगाच ब्रेक मारतात आणि मागे रांग लागते.

'सगळे देसी तिकडेच राहतात' हा सल्ला पोरंबाळं असलेल्यांचा, चांगल्या शाळांसाठी जास्त भाडं भरणाऱ्यांचा. एकट्याने ते का भरावं? गाडी नसेल तर पिट्सबर्गमध्ये स्क्विरल हिल किंवा शेडीसाइड, शार्लटमध्ये ब्लू लाइन ट्रेनच्या स्टेशनाजवळ घर बघा. जॅक्सनव्हिलला गाडीशिवाय जाऊच नका.