शनिवारी पेन काढू नका

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा समाज निवडला, तेव्हा वाटलं, त्यांच्यातल्याच केहिमकरांनी लिहिलेला समाजाचा इतिहास वाचला की अर्धं काम झालं. पहिल्याच शनिवारी मुंबईतल्या एका सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनास्थळी, जाऊन बसले आणि वही उघडली. शेजारच्या आजी कानाशी म्हणाल्या, "आम्हाला शनिवार तेली का म्हणत, वाचलंयस ना?"

वाचलं होतं की! कोकणात तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ते नाव. पण शब्बाथला, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, लिहिणंही वर्ज्य, हे काही डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा नव्यांनो, मुलाखती रविवारी ठेवा. फोनही शनिवारी करू नका.

या विषयातला निम्मा ऐवज घरांतल्या ट्रंकांत आहे. आजींनी मला पेसाह या ज्यू सणाच्या रात्री वाचायच्या हगादाची प्रत दाखवली, १८७४ साली पुण्यात छापलेल्या पोथीची नक्कल. हिब्रूसोबत मराठी, आणि चित्रात मात्झा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका चक्क साडीत. मराठी येत असेल तर तुम्ही अर्धी वाट चालून आलाच आहात. हिब्रू मात्र शिकावंच लागतं. समाजाला हे नवं नाही. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर प्रार्थना मराठीत आणत होते आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षकही होते.

नुसतं मागायला जाऊ नका, कामाला हात लावा. मी एका दफनभूमीतल्या कबरींची यादी करून दिली. तिथे ज्यू सनाने दमवलं. ५६३४ मधून ३७६० वजा केले की १८७४, एवढं सोपं वाटलं. पण त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात, रोश हशाना या नववर्षाच्या सणाला बदलतं, म्हणून तिथपासून डिसेंबरअखेर ३७६१ वजा करायचे. हे कळेपर्यंत माझी कितीतरी माणसं वर्षभर उशिरा वारली होती.

सुधारलेली यादी घेऊन गेले, त्या दिवशी आजींकडे मलिदा, म्हणजे त्यांचा नवस-आभाराचा प्रसाद, होता. पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं. ताट माझ्यापुढे सरकवून त्यांनी चष्मा लावला, सासरचं आडनाव शोधलं आणि पेन्सिल मागितली.

"इंग्रजी कागदावरून उतरवलंस ना? आमच्यात 'ळ' आहे गं, 'ल' नाही."