मुलाखतीत आता आधी ओळख, मग ज्ञान

पुण्यात आयटीच्या मुलाखती घ्यायला मी पॅनेलवर बसतो. पूर्वी उमेदवाराला काय येतं तेवढंच बघायचो. आता समोर दिसतोय तोच बोलतोय का, इथून सुरुवात होते. ऑनलाइन मुलाखतीत ओठ एकाचे नि आवाज दुसऱ्याचा, हा प्रॉक्सीचा खेळ जुना झाला. हल्ली प्रश्नानंतर ठरावीक थांबा, नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात आणि मग एआयकडून वाचलेलं गुळगुळीत उत्तर.

म्हणून आम्ही प्रश्न बदललेत. ‘डेटाबेसमधलं हे टेबल असंच का ठेवलं? डेटा दहापट झाला तर आधी काय कोलमडेल?’ फ्रेशरचा प्रोजेक्ट लहान असला तरी चालतो, पण त्यातलं सगळं स्वतः केलेलं हवं. उत्तर सुचत नसेल तर मोठ्यानं विचार करा. अडखळत का होईना, स्वतःच्या डोक्यानं बोलणारा मला तरी बरा वाटतो.

‘तीन वर्षांचा एक्सपीरियन्स लावून देतो’ म्हणणारे कन्सल्टन्सीवाले भेटतीलच. बनावट सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग लेटर (जुनी नोकरी सोडल्याचं पत्र), एवढंच काय, फोनवर एचआर म्हणून बोलणारा माणूसही ते पुरवतात. बीजीव्हीत, म्हणजे कंपनीकडून होणाऱ्या पार्श्वभूमीच्या पडताळणीत, मात्र यूएएनवरची (पीएफ खात्याच्या कायम क्रमांकावरची) पीएफची नोंद आणि 26एएस हे कापलेल्या टॅक्सचं विवरण उघडलं की कोणी, कधी पगार दिला ते दिसतं. काही महाभाग पीएफसुद्धा भरून दाखवतात. मग ती कंपनीच संशयितांच्या यादीत सापडते. बीजीव्हीचा रिपोर्ट बऱ्याचदा जॉइनिंगनंतर येतो, म्हणजे नोकरी लागूनही जाते. 2022 मध्ये ॲक्सेंचरनं भारतात अशा खोट्या लेटरवाल्यांना काढल्याचं जाहीर केलं होतं.

हे लोण फक्त आपल्याकडचं नाही. 2024 मध्ये नोबीफोर या अमेरिकन सायबर सुरक्षा कंपनीनं व्हिडिओवर चार मुलाखती घेऊन एकाला नेमलं. तो चोरलेल्या ओळखीवर आलेला उत्तर कोरियाचा माणूस निघाला. फोटोही एआयनं बदललेला. लॅपटॉप हाती पडताच त्यानं मालवेअर टाकायला घेतलं. 2025 मध्ये गूगलच्या सुंदर पिचाईंनीही निदान एक फेरी समोरासमोर घेण्याचं बोलून दाखवलं. यात लातूर-गडचिरोलीच्या पोरांच्या खिशाला चाट बसते, आणि ते मला पटत नाही. प्रवासखर्च मिळेल का, हे एचआरला बिनधास्त विचारा.

आणि नावं बघा. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नावच गायब, असं आपल्याकडे घरोघरी असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा तर बीजीव्हीत हमखास खोळंबा होतो. आधार-पॅनची दुरुस्ती, लागलं तर सरकारी गॅझेटमधली (राजपत्रातली) नाव बदलल्याची नोंद, हे सगळं ऑफर यायच्या आधीच उरका.