गोड्या पाण्याचा जागतिक वापर पर्यावरणाच्या मर्यादेशी कसा ताडून पाहावा

आधी उपसा आणि खर्च वेगळे करावेत. नद्या, तलाव व भूगर्भातून काढलेले सगळे पाणी म्हणजे उपसा. त्यातले जे बाष्प होऊन किंवा पिकांवाटे हवेत जाते आणि त्या खोऱ्यात परतत नाही, तेवढेच खर्ची पडलेले. जगाचा वार्षिक उपसा सुमारे ४,००० घनकिलोमीटर असून त्यातला साधारण ७० टक्के शेतीसाठी होतो. स्वीडिश शास्त्रज्ञ योहान रॉकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २००९ साली सुचवलेली, पृथ्वीच्या पर्यावरणाला झेपेल अशी वार्षिक मर्यादाही ४,००० घनकिलोमीटरचीच आहे, पण ती खर्ची पडणाऱ्या पाण्याची. तो खर्च त्यांनी तेव्हा २,६०० धरला होता. आकडा सारखा दिसतो म्हणून उपसा या मर्यादेशी ताडला, तर हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

एकूण बेरजेवर मात्र थांबू नये. अमू दर्या आणि सिर दर्या या मध्य आशियातल्या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवल्यामुळे १९६० च्या दशकापासून अरल समुद्र आटत गेला, आणि त्या काळात जगाची बेरीज मर्यादेच्या आतच होती. म्हणून मोजणी खोऱ्यानुसार आणि महिन्यानुसार करावी. समजा, एका नदीचा सरासरी मासिक प्रवाह १०० एकके आहे आणि उपसा दरमहा २०. वर्षाच्या हिशेबाने हा उपसा २० टक्के, म्हणजे निर्धास्त वाटावा असा. पण उन्हाळ्यात प्रवाह ३० वर आला की तोच ६७ टक्के होतो. रॉकस्ट्रॉम गटाच्या मर्यादेच्या २०१५ च्या सुधारित मांडणीत कमी प्रवाहाच्या महिन्यात २५, मध्यम प्रवाहाच्या ३० आणि भरपूर प्रवाहाच्या महिन्यात ५५ टक्के उपशाची मर्यादा आहे. म्हणजे येथे साडेसात एककांची मुभा असताना वीस उचलली जात आहेत, आणि नदीतल्या माशांना तो महिना वार्षिक सरासरीवर काढता येत नाही. प्रवाह नैसर्गिकच धरावा: मापनकेंद्रावरचा आकडा वरच्या अंगाला उपसा झाल्यानंतरचा असतो, म्हणून तिथे खर्ची पडलेले पाणी त्यात परत मिळवावे.

शेवटी जमिनीतला ओलावा हिशेबात घ्यावा. याच मर्यादेच्या २०२३ च्या मांडणीत घनकिलोमीटरऐवजी क्षेत्र मोजले आहे: बर्फाखाली नसलेल्या जमिनीच्या किती टक्के भागात प्रवाह किंवा मुळांच्या थरातला ओलावा औद्योगिक काळापूर्वीच्या चढउतारांबाहेर गेला. प्रवाहासाठी मर्यादा १०.२ टक्के असताना १८.२, तर ओलाव्यासाठी ११.१ असताना १५.८ टक्के क्षेत्र बाहेर आढळले. अतिकोरडे आणि अतिओले असे दोन्ही बाजूंचे विचलन यात धरावे, कारण सिंचनाने चिबडलेली जमीनही बदललेल्या जलचक्राचीच खूण आहे.