घरच्या टीव्हीसाठी रेकॉर्डिंगची पेटी निवडताना

सोलापुरातल्या नव्या पेठेतल्या एखाद्या दुकानात जाऊन "डीव्हीआर (डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर) दाखवा" म्हणालात, तर काउंटरवर सीसीटीव्हीचा डबा येईल. चार कॅमेऱ्यांचा हवा, आठचा की सोळाचा, एवढंच विचारतील. दुकानदाराची त्यात चूक नाही. आपल्याकडे डीव्हीआर हा शब्द कॅमेऱ्यांच्या डब्यालाच चिकटलाय. त्या डब्याला कॅमेऱ्याच्या वायरी जोडतात, मालिका आणि मॅच त्यात साठवता येत नाहीत. आपल्याला हवी असते ती टीव्हीवरचा कार्यक्रम साठवणारी पेटी. दुकानात किंवा केबलवाल्याकडे "रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स" असं मागा, म्हणजे निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

आमच्या घरात ही पेटी घ्यायची वेळ आली ती टीव्ही एक आणि भाषा दोन झाल्यामुळं. सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्यांना कन्नड मालिका लागते. मला मराठी. अण्णांना संध्याकाळच्या बातम्या, पोरांना क्रिकेट. ह्यांची टॉवेलच्या कारखान्यात दुसरी पाळी, म्हणजे घरी यायला रात्रीचे बारा, आणि तेव्हा जेवताना दिवसभरात काय झालं ते बघायचं असतं. सोलापुरात असं घर प्रत्येक गल्लीत सापडेल. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे तर तेलुगूचीही भर आहे.

पहिली पायरी : आधी वहीत लिहा

एक आठवडा घरातल्या प्रत्येकाला काय बघायचंय आणि किती वाजता, ते लिहून काढा. मग प्रत्येक ओळीसमोर लिहा की हे मोबाइलच्या ॲपवर नंतर मिळतं का. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर असतात, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. जिओटीव्हीवर बऱ्याच वाहिन्यांचे गेल्या ७ दिवसांतले कार्यक्रम मागे जाऊन बघता येतात. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचं ॲप आणलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत. घरात चांगलं वायफाय असेल आणि यादीतलं सगळं ॲपवर सापडत असेल, तर पेटीवर पैसे घालू नका. हे मी मनापासून सांगते, कारण आमच्या शेजारी एकांनी पेटी घेतली आणि सहा महिन्यांत ती नुसती घड्याळ म्हणून उरली.

पेटी खरी लागते ती वेगळ्या ठिकाणी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ॲप, पासवर्ड, जाहिराती जमत नाहीत, रिमोटचं बटण जमतं. नेट मंद असतं किंवा महिन्याचा डेटा संपतो. आणि काही गोष्टी एकदाच लागतात. आषाढी एकादशीची पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास असते, सह्याद्रीवर ती थेट दाखवतात. अण्णांना ती बघायचीच असते आणि त्या वेळी उठणं आता त्यांना झेपत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्यात, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न) असतो, तोही असाच. आम्ही सगळे तिथं गर्दीत उभे असतो, घरी आल्यावर शांतपणे बघायचा असतो.

दुसरी पायरी : चित्र घरात कुठून येतं ते बघा

पेटी कुठल्या कंपनीची घ्यायची हा प्रश्न खूप नंतरचा. तुमच्याकडे केबल आहे, छत्री (पैसे भरायची डिश) आहे की दूरदर्शनची फुकटची फ्री डिश, यावर पेटी ठरते. कारण प्रत्येक कंपनीचं प्रक्षेपण तिच्याच पेटीत उघडतं. बाजारातून भारीतला रेकॉर्डर आणून केबलच्या वायरीला जोडलात तर पडदा काळाच राहणार. सोलापूरचा समावेश केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात, ३८ शहरांत होता, मुदत होती ३१ मार्च २०१३. त्याआधी वायर थेट टीव्हीत खोचली तरी चालायची आणि त्या काळची व्हिडिओ कॅसेटची मशीनं त्यावरून रेकॉर्ड करायची. आता ते होत नाही.

केबल असेल तर आपल्या केबलवाल्यालाच विचारा, की रेकॉर्डिंगची पेटी तो देतो का. देत असेल तर तिचा एक मोठा फायदा आहे, आणि तो सोलापूरकरांना तरी महत्त्वाचा वाटावा: गड्ड्याचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या आपल्या गावच्या वाहिन्या केबलवर असतात, छत्रीवर नाही. तुमच्या यादीत अक्षता सोहळा असेल आणि घरावर छत्री असेल, तर कितीही महागडी पेटी घेतलीत तरी ती वाहिनी तिच्यात येणारच नाही.

छत्री असेल तर कंपनीला फोन करून रेकॉर्डिंगची पेटी मागायची. आपल्याकडे अशी पेटी २००८ मध्ये टाटा स्काय प्लसनं आणली (हीच कंपनी जानेवारी २०२२ पासून टाटा प्ले). नंतर बाकीच्यांनी हार्ड डिस्क पेटीत घालण्याऐवजी मागं यूएसबीची खाच दिली आणि डिस्क तुम्ही आणा म्हणाले. कोणत्या पेटीत काय आहे ते दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतं, म्हणून फोनवर तीन गोष्टी स्पष्ट विचारा: डिस्क आत आहे की बाहेरून लावायची, रेकॉर्डिंगचे महिन्याला वेगळे पैसे पडतात का, आणि ही पेटी आमच्या जुन्या छत्रीवर, जुन्या वायरीवर चालेल का.

फ्री डिशला महिन्याचा खर्च नाही. तिथं साध्या फ्री-टू-एअर (फुकटच्या वाहिन्या पकडणाऱ्या) पेट्यांतही बऱ्याचदा यूएसबी रेकॉर्डिंग असतं. मात्र फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्या लिलावानुसार बदलत राहतात, तेव्हा आपल्या यादीतल्या वाहिन्या आज तिथं आहेत ना, ते एखाद्या ओळखीच्या घरी जाऊन बघून या.

आणि टीव्हीच्या खोक्यावर "यूएसबी रेकॉर्डिंग" छापलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. टीव्ही रेकॉर्ड करतो ते त्याच्या स्वतःच्या ट्यूनरनं, म्हणजे वाहिनी पकडणाऱ्या भागानं, पकडलेलं चित्र. सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआय वायरीनं आलेलं तो साठवत नाही.

तिसरी पायरी : ट्यूनर मोजा

माझं ठाम मत आहे की डिस्क किती मोठी यापेक्षा ट्यूनर किती, हे आधी विचारावं. एक ट्यूनर असेल तर जे रेकॉर्ड होतंय तेच बघावं लागतं. म्हणजे रात्री आठला सासूबाईंची कन्नड मालिका साठवायला लावली की माझी मराठी गेली, भांडण होतं तिथंच राहिलं. दोन ट्यूनर असतील तर एक साठवा, दुसरं बघा.

छत्रीवर दोन ट्यूनर चालवायला सहसा दोन वायरी आणि दोन तोंडांचा एलएनबी लागतो. एलएनबी म्हणजे छत्रीच्या दांड्यावर बसवलेलं ते बोंडासारखं यंत्र. कारागीर एकच वायर ओढून "नंतर बघू" म्हणाला तर त्याला जाऊ देऊ नका, दुसरा ट्यूनर मुकाच राहील. गच्चीवर छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसते, तेव्हा तिथून खोलीपर्यंत दोन वायरी कुठून येणार, ते आधीच ठरवा. जुन्या वाड्याच्या भिंतीला दुसऱ्यांदा भोक पाडायला घरमालक तयार होत नाही. केबलला हा त्रास नसतो, एकाच वायरीवर भागतं.

चौथी पायरी : जागा किती लागेल

हिशेब सोपा आहे. एचडी चित्राला तासाला साधारण साडेतीन जीबी लागतात असं धरा, साध्या चित्राला एक ते दीड. अर्ध्या तासाची एचडी मालिका आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे दहा-अकरा जीबी. टी-ट्वेन्टीची एक मॅच चौदा-पंधरा जीबी. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये एचडीचे १३० तासांच्या आसपास बसतात, घरच्या वापराला ते भरपूर झालं. पेटीत लावल्यावर ५०० ऐवजी ४६५ दिसले तर दुकानदारानं फसवलं असं समजू नका, मोजायच्या दोन पद्धती आहेत म्हणून तो फरक पडतो.

डिस्क बाहेरून लावायची असेल तर पेन ड्राइव्हपेक्षा हार्ड डिस्क घ्या. स्वस्त पेन ड्राइव्ह सतत लिहीत राहिला की तापतो आणि अडखळतो. पण हार्ड डिस्कला वीज जास्त लागते. जुन्या पद्धतीच्या यूएसबी खाचेतून ५०० मिलिॲम्पिअरच मिळतात. डिस्क लावल्यावर आतून टक-टक आवाज येत राहिला आणि पेटीला ती दिसेना, तर बहुधा वीज कमी पडतेय. अशा वेळी स्वतंत्र ॲडाप्टर असलेली डिस्क किंवा ॲडाप्टरवाला यूएसबी हब लागतो. पेटी पहिल्यांदा डिस्क फॉरमॅट करून मागते, तेव्हा तिच्यात असलेलं सगळं पुसलं जातं. लग्नाच्या फोटोंची डिस्क तिथं चुकूनही लावू नका.

पाचवी पायरी : रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचं

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. आमच्याकडे एका वर्षीचा अक्षता सोहळा साठवलेला होता. पांढरी बाराबंदी घातलेले अण्णा त्यात नंदीध्वजाच्या (मिरवणुकीतल्या उंच काठीच्या) बाजूनं चालताना दिसायचे, अगदी तीन-चार सेकंद. पण पाहुणे आले की ते तीन-चार सेकंद लावले जायचे, अण्णा पुढं सरकून बसायचे. दोन वर्षांनी पेटी बिघडली. बदलून नवी मिळाली, डिस्क तीच, धडधाकट. नव्या पेटीत लावली तर "डिस्क फॉरमॅट करा" एवढंच पडद्यावर आलं. संगणकाला लावून बघितली, काही उघडलं नाही. ग्राहक सेवेत विचारलं तेव्हा कळलं, की रेकॉर्डिंगला कुलूप असतं आणि त्याची किल्ली त्या जुन्या पेटीतच होती.

पैसे भरून बघायच्या केबल आणि छत्रीच्या पेट्यांत जवळजवळ सगळीकडे हीच रीत आहे. रिचार्ज संपला तर साठवलेलंही बहुतेक पेट्या दाखवत नाहीत, आणि संपलेल्या दिवशी लावलेला टायमर रिकामा जातो. फ्री-टू-एअरच्या बऱ्याच पेट्या मात्र साध्या फाइलमध्ये साठवतात, ती संगणकावर उघडते. डिस्क फॅट ३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर मोठ्या कार्यक्रमाचे चार-चार जीबीचे तुकडे पडलेले दिसतील, ते क्रमानं जपायचे. म्हणून घेतानाच विचारा: "पेटी बदलली तर जुनं रेकॉर्डिंग दिसेल का?" उत्तर नाही असेल तर ती पेटी आठवडाभरात बघून पुसायच्या गोष्टींसाठी आहे. कायम ठेवायचं ते त्या वाहिनीकडे किंवा छायाचित्रकाराकडे मागून वेगळ्या डिस्कवर घ्या. आम्ही आता तसंच करतो.

सहावी पायरी : वीज, पाऊस आणि उन्हाळा

रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर तो कार्यक्रम अर्धाच राहतो, कधी कधी डिस्कही बिघडते. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही नाही जोडला तरी चालेल, पेटी आणि डिस्क त्यावर घ्या. दोन्ही मिळून वीज फार खात नाहीत. घरी केबल असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: गल्लीतली वीज गेली की गल्लीतलं केबलचं यंत्रही बंद पडू शकतं, मग घरच्या इन्व्हर्टरचा उपयोग नाही. छत्रीला ती अडचण नाही, पण जोराच्या पावसात तिचं चित्र जातं. सप्टेंबरात परतीचा पाऊस संध्याकाळी धो-धो कोसळतो, नेमका मालिकांच्या वेळेला. त्या दिवसांत रात्रीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतो तो टायमरला लावा.

उन्हाळ्यात पारा बेचाळिशीच्या पुढं जातो तेव्हा पेटीवर क्रोशाचा रुमाल, फोटो, गणपती काही ठेवू नका. आतली हवा खेळायला वर चार बोटं जागा हवी. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशनं तिच्या जाळीतली धूळ झाडा.

सातवी पायरी : रिमोट आईंच्या हातात द्या

प्रात्यक्षिक दाखवायला माणूस आला की रिमोट स्वतः घेऊ नका. घरात सगळ्यात कमी सवय असलेल्या माणसाच्या हातात द्या. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं, "आई, मालिकेच्या नावावर या आणि लाल बटण दाबा." जमलं. जिथं त्यासाठी पाच पडदे ओलांडावे लागतात ती पेटी घरात कुणीच वापरत नाही. पूर्ण मालिका एकदाच लावून ठेवायची सोय आहे का, तेही त्याच वेळी बघा.

आठवी पायरी : पहिले आठ दिवस

पावती जपा आणि पहिल्या आठ दिवसांतच सगळ्या परीक्षा घ्या, म्हणजे परत करायला तोंड राहतं. एक वाहिनी साठवताना दुसरी बघा. उद्या पहाटेचा टायमर लावून पेटी रिमोटनं बंद करून झोपा. नंतर आणखी एक टायमर लावा, भिंतीवरचं बटण बंद करून दोन मिनिटांनी चालू करा आणि पेटी आपोआप उठून रेकॉर्डिंग घेते का ते बघा. ही परीक्षा बऱ्याच पेट्या नापास होतात, आणि आपल्याकडे नेमकी हीच रोज लागते. टायमर कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी सुरू होऊन पाच मिनिटं नंतर थांबेल असा ठेवा. रविवारी महाएपिसोड असेल तर एक तास वाढवा, मॅचला तर नक्कीच, नाहीतर शेवटची दोन षटकं राहून जातात.