आईबाबांसाठी अटेंशन ट्रेनिंग: काय निवडायचं, कसं करायचं

घरात कोणी पासष्टीच्या पुढचं असेल, तब्येत ठणठणीत आहे पण शेजारी टीव्ही चालू असला की पेपर वाचता येत नाही म्हणत असेल, तर कॉम्प्युटरवरचं अटेंशन ट्रेनिंग जरूर करून बघा. फक्त प्लेस्टोअरवर पहिलं दिसेल ते ब्रेन गेम डाउनलोड करू नका प्लीज. ल्युमॉसिटीसारख्या नावाजलेल्या कंपनीलाही 2016 मध्ये अमेरिकेत फसव्या जाहिरातींच्या केसमध्ये 20 लाख डॉलर भरावे लागले होते.

निवडायचं ते स्पीडचं ट्रेनिंग, म्हणजे क्षणभर दिसलेलं झटकन टिपायचा सराव. अमेरिकेतल्या अ‍ॅक्टिव्ह नावाच्या अभ्यासात 65 च्या पुढचे 2802 जण होते, काहींना स्मरणशक्तीचं, काहींना तर्काचं आणि काहींना हे कॉम्प्युटरवरचं स्पीडचं ट्रेनिंग दिलं, आणि 10 वर्षांनी तपासलं तेव्हा तर्क आणि स्पीडवाल्यांचा फायदा टिकला होता, स्मरणशक्तीचा नाही. खेळ असा: स्क्रीनच्या मधोमध क्षणभर चित्र येतं, कार होती की ट्रक ते ओळखायचं, आणि त्याच क्षणी कडेला कुठेतरी अजून एक गाडी दिसून जाते ती नेमकी कुठे होती तेही सांगायचं. जमायला लागलं की चित्र अजून कमी वेळ दिसतं, आजूबाजूला गर्दी वाढते. ब्रेनएचक्यू नावाच्या अ‍ॅपमधला डबल डिसिजन हा खेळ याच जातीचा आहे. लेव्हल आपोआप वरखाली होत नसेल तर ते अ‍ॅप सोडून द्या, कारण सोपंच खेळत राहिलं की नुसता टाइमपास होतो.

मोबाइल नको, लॅपटॉप किंवा मोठा टॅब घ्या, कडेचं दिसणं हाच तर सगळा मुद्दा आहे. चष्मा स्क्रीनच्या अंतराचा हवा, वाचायचा चालेलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे नोटिफिकेशन बंद करा. पहिल्यांदा शेजारी बसा, पण उत्तरं सांगू नका, आणि बऱ्याचदा चुकणारच हे आधीच सांगून ठेवा नाहीतर "मला नाही बाबा जमत" म्हणून सोडून देतात.

रोज करायची गरज नाही. त्या अभ्यासात तासा-सव्वातासाची 10 सेशन होती, 5-6 आठवड्यांत संपवलेली. घरी एका बैठकीत एवढं झेपत नसेल तर अर्धा-अर्धा तास करा.

आणि हो, खेळातला स्कोअर वाढला म्हणून किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवेलच असं नाही, ती अपेक्षा ठेवू नका. नेहमीचा रस्ता चुकणं, तेच तेच विचारणं सुरू झालं असेल तर अ‍ॅप बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे जा.

साधारण वर्षभराने 4 सेशनचा छोटा राउंड परत करा, अ‍ॅक्टिव्हमध्येही काहींना असाच दिला होता.