भाद्रपदातील गोचीडताप आणि राखणीच्या कुत्र्याचा चावा

भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा काळ असल्याने मळ्यात, वस्तीवर आणि रस्त्याकडेला त्यांच्या टोळ्या जमतात, भांडणे होतात आणि राखणीचे कुत्रे मानेवर किंवा कानावर जखमा घेऊन घरी येते. त्याच सुमारास दमट व उबदार हवेमुळे गोचिडांचा उपद्रवही वाढलेला असतो. जखम आणि गोचीड या दोन वेगळ्या तक्रारी समजून त्यांच्याकडे पाहिले जाते. प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्यांतून माणसाला होणाऱ्या चाव्याचाही विचार शेतकऱ्याने याच काळात करून ठेवावा.

कुत्र्यांमधील गोचीडताप प्रामुख्याने एर्लिकिया आणि बॅबेसिया या जंतूंमुळे होतो. एर्लिकियाच्या बाधेत रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात. त्यामुळे नाकातून रक्त येते, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसतात आणि भांडणातील साध्या जखमेतले रक्तही लवकर थांबत नाही. बॅबेसियात तांबड्या पेशी फुटत असल्याने हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळसर पडतात आणि लघवी गडद होते. यांपैकी बॅबेसिया गिब्सोनी हा प्रकार गोचिडाखेरीज कुत्र्यांच्या आपसांतील चाव्यांमधूनही पसरू शकतो. म्हणून अंगावर एकही गोचीड न दिसणारे, पण भांडून आलेले कुत्रे पुढील काही आठवड्यांत खाणे सोडून बसले, तर पशुवैद्यकाला गोचिडांबरोबर त्या भांडणाचीही माहिती द्यावी आणि रक्त तपासून घ्यावे. एर्लिकियावरील गोळ्या साधारणपणे चार आठवडे चालतात. ताप उतरला म्हणून त्या मध्येच बंद करू नयेत.

तापाने व सांधेदुखीने बेजार झालेले कुत्रे मुळात शांत असले तरी हात लावताच चावू शकते. गोचिडे नेमकी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेखाली, म्हणजे सर्वांत हुळहुळ्या जागी साठतात, आणि अनेक घरांत ती काढण्याचे काम मुलांवर सोपवले जाते. हा प्रघात बंद करावा. गोचीड मोठ्या माणसाने, हातमोजे घालून, टोकदार चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावे आणि स्पिरिटमध्ये टाकावे; नखाने चिरडू नये, कारण कुत्र्यावरील तपकिरी गोचिडातून माणसालाही ताप देणारे जंतू येऊ शकतात. कुत्र्याला मुसके घालणे योग्यच, मात्र ते धापा टाकत असेल तर तोंड बांधू नये.

गोठ्यात फवारणी केली की कुत्र्याचेही काम झाले, असा समज सर्रास आढळतो. जनावरांवरील गोचीड बहुधा वेगळ्या जातीचे असते. कुत्र्यावरील मादी रक्त पिऊन गळून पडल्यावर भिंतीवर चढते आणि फटींत हजारो अंडी घालते. तेव्हा कुत्रे झोपते त्या जागेच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात, त्याखालचे पोते बदलावे, आणि औषध पशुवैद्यकाकडून वजनानुसार घ्यावे. पिकावरील फवारणीचे उरलेले औषध कुत्र्याच्या अंगावर कधीही ओतू नये. त्या विषबाधेत लाळ गळते आणि अंग थरथरते. पिसाळल्याची लक्षणे म्हणून ती सहज चुकीची वाचली जातात.

याच्या उलट होणारी चूक मला अधिक गंभीर वाटते. कुत्रे आजारी होते, गोचीडतापानेच चिडून चावले, असे स्वतःच ठरवून माणसाची रेबीजविरोधी लस टाळली जाते. गोचीडतापाच्या कुत्र्यालाही रेबीज असू शकतो, आणि एर्लिकिया मेंदूपर्यंत पोहोचल्यास कुत्रे अडखळते किंवा त्याला झटके येतात, त्यामुळे निव्वळ पाहून दोन्ही रोगांतील फरक घरी ओळखता येत नाही. कुत्र्यावर तापाचे उपचार चालू असले तरी चावलेल्या माणसाने जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर मिरची, हळद किंवा चुना लावू नये आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. त्वचेत दिल्या जाणाऱ्या पद्धतीत पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस घ्यावी लागते; रक्त निघालेल्या जखमेत त्याखेरीज इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही, लागते, ते डॉक्टरांना आठवणीने विचारावे.

चावलेले कुत्रे मारू नये किंवा दूर नेऊन सोडू नये. त्याला वेगळे बांधून १० दिवस लक्ष ठेवावे. गाय, म्हैस किंवा शेळीला चावा झाला असल्यास तिच्याही जखमेची धुलाई हातमोजे घालून करावी आणि लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. या १० दिवसांत कुत्रे मेले, तर ते परस्पर पुरून टाकण्यापूर्वी दवाखान्याला सांगावे, कारण मेंदूचा नमुना तपासूनच रेबीजचे निदान पक्के होते.