पहिली रेटेड स्पर्धा आणि पांढऱ्याकडून सी४

पुण्यात बुद्धिबळाच्या रेटिंग स्पर्धांना (ज्यांच्या निकालांवरून खेळाडूचं अधिकृत रेटिंग ठरतं) नुकतीच सुरुवात करणाऱ्यांना मी पांढऱ्याकडून इंग्लिश ओपनिंग, म्हणजे पहिली चाल सी४ (सी ओळीतलं प्यादं दोन घरं पुढे), सुचवतो. पटावरच्या उभ्या ओळी, म्हणजे फाइल, ए ते एच आणि आडव्या १ ते ८, त्यावरून घराचं नाव. पालकांचा प्रश्न ठरलेला: "पाठांतर कमी ना?" कमी, पण लक्ष कुठे ठेवायचं ते कळायला हवं. प्यादं कडेकडून सरकतं, डोळा मात्र मधल्या डी५ घरावर. हे पटत नसेल तर सरळ ई४, म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं, खेळा.

कोथरूडच्या एका स्पर्धेत समोर शाळकरी मुलगा होता. डाव असा निघाला (आधी माझी चाल, मग त्याची): सी४ ई५, घोडा सी३ घोडा एफ६, जी३ डी५. मी प्यादं मारलं, त्यानं घोड्यानं परत मारलं. उंट जी२ वर आला आणि डी५ च्या घोड्यावर माझी दोन मोहरी रोखली गेली, राखायला त्याचा फक्त वजीर. घोडा बी६ ला मागे गेला. दोघांचं कॅसलिंग (राजा हत्तीच्या आडोशाला नेण्याची चाल) झालं, मग मी डी३, ए३, बी४ अशी प्यादी रेटली. बी५ झालं की त्याचा सी६ वर आलेला दुसरा घोडा हलणार आणि ई५ चं प्यादं उघडं पडणार, म्हणून त्याला एफ६ खेळावं लागलं. माझा घोडा ई४ वरून सी५ वर जाऊन बसला. त्यानं तो उंटानं मारला, मी बी प्याद्यानं परत घेतलं. बी६ च्या घोड्याला पुन्हा पळावं लागलं, माझ्या हत्तीला बी फाइल मोकळी मिळाली आणि बी७ चं प्यादं पुढे त्याला राखता आलं नाही. डाव तिथेच फिरला.

समोरचा मात्र नेहमी ई५ खेळेलच असं नाही. १९७२ मध्ये जगज्जेतेपदाच्या सामन्यात बॉबी फिशरनं बोरिस स्पास्कीविरुद्धच्या सहाव्या डावात सी४ नं सुरुवात केली आणि डाव क्वीन्स गॅम्बिटमध्ये, म्हणजे एरवी डी४ नं सुरू होणाऱ्या ओपनिंगमध्ये, गेला. तेव्हा डी४ च्या रचनाही थोड्या पाहून ठेवा.

बाकी नियमांचं थोडक्यात: हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं. चाल खेळलात त्याच हातानं घड्याळ दाबा. मोबाइल बाहेर पालकांकडे द्या. हॉलमध्ये वाजला तर डाव गेला. आणि राऊंड संपल्यावर प्रतिस्पर्ध्याबरोबर बाहेर बसून डाव परत मांडा. आईबाबा "पॉइंट किती झाले?" विचारत उभे असतील, त्यांना दहा मिनिटं थांबू द्या.